जी आणि आय यांच्या मध्ये

बेलफास्टमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
जिथला हीटर फक्त सोमवारी नीट चालतो,
आम्ही माणसांना हसायला बोलावतो.
म्हणजे हसाच असं नाही. बोला, गप्प बसा, डोकं खाजवा,
जे होईल ते. दोन कॅमेरे, एक माइक,
जाताना पंधरा पौंडांचं कूपन.
सॉफ्टवेअर चेहऱ्यावर अडुसष्ट ठिपके टाकतं
आणि ते हलायची वाट बघतं.

मी लेबलं लावते, तासाच्या हिशेबाने.
भुवई वर: एक. ओठ आवळलेले: चार.
हसू खरं, हसू शिष्टाचाराचं, हसू सांगता न येणारं.
शेवटचा रकाना कमी वापर, ॲनेलीझ म्हणते.
ती ब्रेमेनची. फार चांगली आहे.
तिला मनापासून वाटतं, यंत्राला माणूस कळला
तर कुणीच एकटं पडणार नाही.

मंगळवारी विल्बर्ट मॅगिल आला. वय चौऱ्याहत्तर,
एकतीस वर्षं बस चालवलेला,
कडक इस्त्रीचा शर्ट, कानात मशीन.
समोर फिलोमिना डेव्हेनी, निवृत्त सुईण.
ओळखपाळख नाही. तसंच हवं असतं आम्हाला.
आधी आवाजाची पातळी बघायची:
मिस्टर मॅगिल, ए पासून झेडपर्यंत म्हणाल का, सावकाश?

ए, बी, सी. पोरासारखा ताठ बसून.
डी, ई, एफ. जी.
आणि थांबला.

शून्य पूर्णांक नऊ सेकंद.
अडखळ. विस्मरणाची शक्यता: मध्यम.

आता हे कसं सांगू.
आमच्या गावात पुढच्या अक्षराला दोन नावं आहेत.
या गल्लीत एच. पलीकडच्या गल्लीत हेच.
शाळा वेगळी, प्रार्थना वेगळी,
आणि तोंडातून निघणारा श्वास
एवढासा कमी-जास्त.
आई सांगायची, एका वर्षी रात्रीची बस अडवून
तोंडाला फडकी बांधलेली पोरं चढली होती.
म्हण, म्हणाली.
कॅमेरा नव्हता, ठिपके नव्हते.
त्यांनी नुसतं ऐकलं.
तिने माझ्या जिभेला दोन्ही शिकवली,
घरातले बूट आणि बाहेरचे बूट असतात तशी.

तर विल्बर्ट थांबला. फिलोमिनाकडे पाहिलं,
डाव्या कडेने, पटकन,
कोण चढलं ते ड्रायव्हर आरशात बघतो तसं.
तिची भुवई अर्धा मिलिमीटर.
मग तो खोकला.
अक्षराच्या जागी, बरोब्बर अक्षराएवढं.
आय, तो म्हणाला. जे. के.

एलपर्यंत दोघंही हसत होती,
ती खुर्चीचा हात धरून,
तो डोळे पुसत, आणि कानातलं मशीन
शिट्टी मारत होतं मध्येच.
हसू खरं, ब्याण्णव टक्के.
फर्गलने हवेत मूठ उडवली.
ॲनेलीझने विचारलं, पण विनोद कुठे होता?

ते पाऊण-एक सेकंद मी अकरा वेळा पाहिलं.
हेच.
हेच तर शोधतोय म्हणतो ना आम्ही:
एका म्हाताऱ्याने भीती काढली, झटकली,
आणि शेजारणीसमोर ठेवली, खेळणं ठेवावं तशी.
दोन ओळी लिहायच्या होत्या.
रकाना नसता तर ॲनेलीझने करून दिला असता, आनंदाने.
मग हजार फाइली, मग लाखभर,
मग कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी नाक्यावर
कधीच न थकणारा एक कान
कुणालातरी म्हणेल, म्हण.

आणि खोकून भागणार नाही.

खोकला, मी लिहिलं. कोरडा.
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.

संध्याकाळी ॲनेलीझ दारातून डोकावली.
कुठली झाली?
जी-सतरा, मी म्हटलं. जीची शेवटची.
आणि आता?
आता पुढची, मी म्हटलं.
चहा घेतेस का?