दुधातलं टपाल

पार्सल दोन दिवस उशिरा आलं.
कुरिअरच्या यादीत बेळगाव वेगळं, बेळगावी वेगळं,
आणि डबा त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी
थर्माकोलच्या आत बर्फाचं पाणी करत बसलेला.
आत एक कुपी. शंभर मायक्रोलीटर, म्हणजे दोन थेंब.
सशाच्या रक्तातून काढलेलं प्रतिपिंड,
किंमत माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढी.
त्याला गावं कळत नाहीत.
त्याला एक प्रथिन कळतं, तेवढंच.

कंग्राळीचा यल्लाप्पा पहाटे दूध घालतो.
बहुतेक कॅन कुंद्याच्या भट्टीला,
अर्धा लिटर आमच्या टिळकवाडीच्या लॅबला.
'मशीन पितंय काय हो तुमचं?'
मी हसते. सेंट्रिफ्यूज लावते,
मिनिटाला पस्तीस हजार फेरे.
साय सुटते, केसीन सुटतं,
नळीच्या बुडाला राहतो एक डाग,
आहे म्हटलं तर आहे.
एक्सोसोम. म्हशीच्या कासेतल्या पेशींनी धाडलेल्या पिशव्या,
केसाच्या जाडीत आठशे बसतील एवढ्या.
रेडकासाठी होत्या की कुणासाठी,
ते अजून आम्हाला वाचता येत नाही.

रात्री पडद्यावर प्रतिपिंड ओतलं,
फ्रीजमध्ये हलत ठेवलं.
मधे एकदा लाइट गेली, जनरेटरने खोकत घेतलं.
सकाळी धुतलं, तीनदा. पुन्हा एकदा, उगीच.
अंधाऱ्या खोलीत फिल्म काढली तर
सगळी काळी.
एक रेघ हवी होती, अख्खा पडदाच ओरडत होता.

मी म्हटलं, बर्फ वितळला, मेलं ते.
कुरिअरवाल्याला शिव्या घालून झाल्या,
दोन भाषांत, कारण एकीतल्या संपल्या.
शिवलीला हडपद मात्र डस्टबिनजवळ उभी राहून
रिकामं पाकीट वाचत होती.
पडद्याच्या मोकळ्या जागा बुजवायला
काल मी जी पावडर कालवली होती, तिचं.
'अय्यो,' ती म्हणाली, 'हालु री, हे.'

दूध.
मीच माखलं होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि त्या सशाच्या दोन थेंबांनी
जिथं जिथं दिसलं तिथं तिथं
ओळख दिली.

कुपीत आता एक थेंब आहे.
शिवलीला अल्ब्युमिन तोलतेय,
खाली सायकलची घंटा वाजतेय.
'मशीन पितंय काय हो?'
काल प्यालं, यल्लाप्पा.
आज उपाशी ठेवायचंय.