पंधराचे तेरा

न्ताते मोखेथींच्या टपरीला दार नाही.
दाराच्या जागी ट्रकची ताडपत्री,
जूनचा वारा तिला श्वास घ्यायला लावतो, आत, बाहेर.
मी बाइक दुधाच्या उलट्या क्रेटवर चढवली,
थुंकीच्या नमुन्यांचा निळा डबा सोडवून
सावलीत ठेवला.

"किती दाते?"
"पुढे पंधरा, मागे पंचेचाळीस."
"बसवले कुणी?"
"कंपनीनं."
"कंपनी राहते कुठे?"
मी म्हटलं, असेल कुठेतरी समुद्राकाठी.
ते हसले. त्यांच्या हसण्यातही वरचे दोन कमी.

गेल्या महिन्यात हा-लेरोनाच्या चढावर
पहिल्या गिअरमध्येच बाइक गुदमरली होती.
अर्धा क्लच मी तिथे जाळला,
ब्लँकेटला अजून त्याचा वास येतो.
उतरले, ढकलली, बसले, पुन्हा उतरले.
पलीकडे पोचले तर लॅबची गाडी गेलेली,
डब्यातल्या बर्फाचं पाणी,
आणि म्मे मालेफूला पुन्हा खोकावं लागलं
त्या एवढ्याशा बाटलीत,
एकदा, दोनदा, पाच वेळा,
माझ्याकडे न बघता.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, चढत नाही.

छिन्नीनं त्यांनी वॉशरचा दुमडलेला कान सरळ केला.
"केनेउए, ब्रेकवर उभी राहा."
मी सगळं वजन मागच्या ब्रेकवर टाकलं.
नट आधी ऐकेना, मग कण्हला,
मग काही झालंच नाही अशा थाटात सुटला.
जुनं स्प्रॉकेट हातात आलं,
एकाच अंगाला वाकलेले दाते,
खिंडीतल्या झुडपांसारखे.
नवं इतकं लहान की वाटलं, फसवतायत.
दोनदा मोजले मी,
सुरुवातीच्या दात्यावर ग्रीसचं बोट टेकवून.
तेरा.

"डोंगर छाटता येत नाही," ते साखळी ओढत म्हणाले,
"इंजिनही फुगवता येत नाही.
मधले दोन दाते तेवढे आपल्या हातातले.
पण फुकट नाही हं.
डांबरावर ही नुसती ओरडेल,
आणि जाणार नाही."

साखळी सैल लोंबली. चाक मागे सरकवलं,
दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या.
क्लिपचं मिटलेलं तोंड पुढे, उघडं मागे.
"माणसांना जमलं असतं तर," ते पुटपुटले.
मग खालून साखळी उचलून पाहिली:
"तीन बोटं ढील हवी."
"तुमची की माझी?"
माझ्या बोटांकडे ते बघत राहिले जरा वेळ.
"रोज तपासणार कोण?"
"मी."
"मग तुझी."

त्या दुपारी हा-लेरोनाचा चढ
मी दुसऱ्या गिअरमध्ये चढले.
चढले म्हणजे काय, बाइक चालत गेली,
एकेका दगडाला विचारून,
पाय खाली टेकवायची वेळ आली नाही,
आणि माथ्यावर पोचल्यावर मला कळेना
की थांबायचं कशासाठी.

पलीकडे डांबरावर मात्र साठला इंजिन किंचाळायला लागलं.
एक मिनीबस हॉर्न देत गेली, मग दुसरी,
मग मेंढ्यांमागचा एक पोरगा
घोड्यावरून माझ्या जोडीनं दौडत आला.
मी चढाच्या सवयीनं चाळिसावर उतरले होते.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
कंटाळला,
आणि पुढे निघून गेला.

जुनं स्प्रॉकेट त्यांनी वर्तमानपत्रात बांधून दिलं होतं.
"ठेव. कधी सपाटीवर बदली झाली तर."

सप्टेंबर आला. बदलीचा कागद आला नाही.
दवाखान्याच्या खिळ्यावर ते लटकलंय,
वारा सुटला की भिंतीवर वाजतं.
"कसलं गं हे चाक?" म्मे मालेफू विचारते.
"सपाटीचं."
कुठली सपाटी, ते ती विचारत नाही.
बाटली घेऊन बाहेर जाते,
वाऱ्याकडे पाठ करते,
खोकते.
या वेळी एकदाच.