पाव

ओरिसियाचा फोन आला सकाळी सहाला.
"लेस्टर, मीटरजवळचं चाक फिरतंय, फिरतच राहतंय.
पाणी थांबत नाही."
एवढंच. मग तिच्या रीतीप्रमाणे
निरोप न घेता फोन खाली.

बाहेर उणे एकतीस.
विनिपेगला जानेवारीत गाडी आधी खोकते,
मग विचार करते.
घटस्फोटाला चार वर्षं झाली.
दारिया कॅलगरीत; तिथे तिचे नळ
कोण दुरुस्त करतं, मी विचारत नाही.
पण तिच्या आईच्या तळघराचा जिना
माझ्या गुडघ्यांना अजून पाठ आहे:
तिसरी पायरी वगळायची.
जावई म्हणजे दहावा ग्रह.
कक्षेतून सुटलेल्याला काय म्हणायचं
ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

बीटच्या बरण्या, खिळ्याला वाळका शेपू,
आणि भिंतीतून आलेला तांब्याचा पाइप.
त्याच्या गळ्याशी तो, पितळी, हिरवट बुरा चढलेला,
लाल चाक पडायला आलेल्या दातासारखं.
आतला दांडा कधीचाच तुटलेला;
वरवर सगळं फिरत होतं.
तारेनं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी,
तिच्या नवऱ्याच्या अक्षरात, युक्रेनियनमध्ये.
"काय लिहिलंय?"
"जोर करू नकोस."
"मला सांगतेस, की तसं लिहिलंय?"
"दोन्ही."

नगरपालिकेचा माणूस आला,
बर्फ खणून, पुरुषभर लांब किल्लीनं
रस्त्याखालचा कॉक बंद करून गेला.
"बंद" हा त्याचा शब्द.
मी पाइप कापला, तर थेंब.
चार सेकंदांनी आणखी एक, घाई नसलेला.
ओल्या पाइपाला डाग बसत नाही.
कितीही ज्योत ओता,
आधी पाणीच उकळतं,
कथील गोळ्या होऊन घरंगळतं.

यावर जुना उपाय आहे: पाव.
पांढरा, कडा काढलेला.
गोळी करून आत सारायची, ती थेंब पिते,
दहा मिनिटं पितच राहते,
तेवढ्यात आपण उरकायचं.
ओरिसियानं पाव आणला.
काळा, रायचा, शहाजिरं घातलेला, विटेच्या वजनाचा.
"हा नाही. दाणे नळात अडकतील."
"या घरात," ती म्हणाली, "कापूस खात नाहीत."

मग ती नुसत्या स्वेटरवर शेजारी गेली,
माकाराएग यांच्या दारी,
जिथे बर्फ कुणी कुठे लोटायचा यावरून
दोन हिवाळे अबोला होता.
बऱ्याच वेळानं आली.
हातात कागदी पिशवी, आत सहा गरम पांदेसाल,
मागे त्यांचा बारा वर्षांचा रोमेल,
पाइपाला जेवताना बघायला.

एक पुरला.
थेंब थांबला. आम्ही तिघं गप्प.
निळी ज्योत, तांब्याचा बदलता रंग,
आणि कथील सांध्याभोवती एकदा धावून
स्वतःलाच येऊन मिळालं.
आमच्या धंद्यात असंच आहे,
डाग लागल्याशिवाय दोन तुकडे एक होत नाहीत.

नव्या व्हॉल्व्हला चाक नाही, पिवळी दांडी.
"किती फिरवायची?"
"पाव."
तिनं पिशवीकडे पाहिलं.
"पाव फेरा, ओरिसिया. एवढाच. जोर नाही."

वर न्हाणीघरात नळाची जाळी काढून ठेवली.
नळ खाकरला, तपकिरी थुंकला,
मग पावाचा चुरा, ओला, पांढरा,
रोमेलनं तो मोजायचा प्रयत्न केला,
मग पाणी, नुसतं पाणी.

उरलेले पाच आम्ही बीटबरोबर खाल्ले.
तिनं जुनी चिठ्ठी नव्या दांडीला बांधली.
मी म्हटलं, आता गरज नाही.
"असू दे."
आणि जिन्याकडे तोंड करून:
"दारिया रविवारी फोन करते.
नळ कुणी केला, विचारेल."

मी पाने पुसत होतो.
"सांग, शेजारून पाव आणला."