खंडित

वडगावात नांदायला आले तेव्हा
मला कन्नडचे चार शब्द येत होते:
नीरु, ऊटा, बा, होगु.
बाकी सगळं हातवाऱ्यांवर.

पहिल्याच महिन्यात माग बिघडला.
धोटा मध्येच अडकायचा.
निम्म्या लुगड्यावर काम थांबलेलं
आणि शनिवारी व्यापाऱ्याचा माणूस यायचा होता.
सासऱ्यांनी आडिवेप्पाला बोलावलं.
त्यानं मागाला कान लावला,
पाना पिशवीत टाकला
आणि म्हणाला,
"नाळे खंडित बरतेनि."

नाळे म्हणजे उद्या, एवढं कळलं.
खंडित मला कुणी शिकवायला नको होतं.
आमच्या कागलात पेपरात रोज यायचं:
वीजपुरवठा खंडित.
म्हणजे उद्या येईन, न येईन,
आलो तरी मध्येच तुटेन,
असंच काहीतरी म्हणतोय बिचारा.
रात्री नवऱ्याला म्हटलं, दुसरा मेस्त्री बघा.
तो इतका हसला
की पलीकडच्या खोलीत सासूबाई खाकरल्या.

सकाळी सातला आडिवेप्पा दारात.

तेव्हापासून हा शब्द मी
सुतासारखा दोन बोटांत ताणून बघते.
आमच्या नक्कीला प्रश्नचिन्ह चिकटलेलंच असतं.
नक्की कुठं? नक्की किती? नक्की ना?
माझा भाऊ दर दिवाळीला नक्की येतो
आणि पाडव्याला त्याचा फोन येतो.
खचित तर पोथीच्या बाहेर
कधी पायच टाकत नाही.

आडिवेप्पा खंडित म्हणताना
हात आडवा फिरवायचा,
काठाला उरलेला धागा छाटावा तसा.
मग पुढं बोलायला काही राहायचं नाही.
फार उशिरा ध्यानात आलं,
की तुटलेलं इथंही असतंच काहीतरी.
शंका तुटलेली असते.

एकवीस वर्षं तो येत राहिला.

परवा आला तो नातवाचा हात धरून.
फणीच्या घरात धागा ओवताना
तीनदा चुकला.
चौथ्यांदा नातवानं ओवला.
पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला.
मी विचारलं (आता माझं कन्नड बरं आहे),
अण्णा, पुन्हा येणार ना?
त्यानं हात आडवा फिरवला.
"खंडित इल्ल."
उद्या येतो म्हणायचा, त्याच आवाजात.

संध्याकाळी भावाचा फोन.
भाचीचं लग्न ठरलंय, कार्तिकात.
"येशील ना आक्का? नक्की?"
लाईट गेलेली.
मागावर लुगडं निम्मं,
माझ्या हातात अर्धी भरलेली कांडी.
दोन्ही शब्द एकदमच तोंडाशी आले,
त्यातला एक बाहेर पडला.
"खंडित," मी म्हटलं.

पलीकडं जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.
मग तो हळूच म्हणाला,
"का गं? काय झालं?"