मानशीवरचा माणूस

रॉटरडॅमच्या एका म्युझियममध्ये माझे बाबा
भिंतीवर आहेत, दोन पुरुष उंच.
इथे जुव्यात त्यांची उंची पाच फूट तीन इंच,
आणि आत्ता ते पायरीवर बसून भेंडी मोजतायत,
सात शिरांची, उद्याच्या बाजारासाठी.

फेर्मिन तिकडे हॉटेलात बशा धुतो.
पोर्तुगीज पासपोर्टवर गेला. सुट्टी फक्त सोमवारी,
आणि सोमवारी म्युझियम बंद.
म्हणून आज तो तापाचं निमित्त सांगून,
सतरा युरोचं तिकीट काढून आत शिरलाय
आणि फोन छातीशी धरून आम्हाला फिरवतोय.

आधी एक रिकामी खोली. आत नुसता लाटांचा आवाज.
"हेंच प्रदर्शन?" बाबांनी विचारलं.
मग बर्फात मांडलेल्या खुर्च्यांचे फोटो.
मग एका बाईने आपल्या आईचे
तीस वर्षं, रोज एक, काढलेले फोटो.
"रांव रे मात्सो," बाबा म्हणाले. फेर्मिन थांबला.
शेवटच्या रांगेत नुसती उशी होती.

पुढच्या दालनात मानस.

मार्लेइन आली होती त्या वर्षी, तिकाटणं घेऊन,
अकरा दिवस राहिली, कोरगुटाची पेज प्यायली.
तिचाही गाव समुद्राच्या खाली,
आजोबा तिचे पाण्याच्या दाराशी नोकरीला.
तिने आणि बाबांनी चिखलात काडीने
आपापले बांध काढून दाखवले
आणि एकमेकांच्या बांधाला मनसोक्त नावं ठेवली.

फोटोखाली लिहिलंय: राखणदार, गोवा.
दुलबा नाईक लिहायला किती शाई लागली असती?
मी चिडले. बाबा म्हणाले,
"नाव कशाला? मी काय मेलोय?"

मग ते फोनवर वाकले.
दारं मिटलीत म्हणजे भरती चढत होती, म्हणाले.
फळीवरच्या ओलीवरून म्हणाले, उधाण.
स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.
"फेर्मिना, फुडें वच. पांयांकडेन. आनीक सकयल."
चित्राचे चौकोन चौकोन झाले, पुन्हा जुळले.
उजव्या टाचेपासून हातभर अंतरावर,
बांधाच्या आतल्या अंगाला,
एक काळा ठिपका.

कुर्लीचं बीळ.

गेल्या श्रावणात बांध फुटला तो तिथूनच.
अकरा शेतांत खारं पाणी.
कोमुनिदादीच्या बैठकीत ठरलं की दुलबा झोपला होता.
दोन हंगामांची मासळी दंडात गेली
आणि बाबा काही बोलले नाहीत,
कारण झोपलो नव्हतो हे कळत होतं,
पण कुठून फुटला ते कळत नव्हतं.

आणि ते तिकडे टांगलेलं होतं.
काचेखाली, दिव्याच्या उजेडात.
माणसं रोज त्याच्यासमोर उभी राहत होती,
हात पाठीमागे बांधून, एक पाऊल मागे सरकून.

"बोट ठेव तिथे," बाबा म्हणाले.
फेर्मिनने ठेवलं. लगेच कुणी बाई धावत आली.
"हात लावायचा नाही म्हणते, दुलबाम."
"तिला सांग," बाबा म्हणाले,
"हात लावला नाही म्हणूनच तर–"
आणि रेंज गेली.

मी म्हटलं, बैठकीत दाखवू.
मार्लेइनने पाठवलेलं जाडजूड पुस्तक आहे ना.
काढलं. पान अठ्ठावन्न, एकोणसाठ.
फोटो दोन्ही पानांवर पसरलेला
आणि ठिपका नेमका शिवणीत गेलेला.

बाबांनी भेंडी पहिल्यापासून मोजायला घेतली.
अर्ध्यावर सोडून बॅटरी घेतली,
घमेलं घेतलं, आणि पाणी फिरायच्या आत
बांधाकडे गेले.

मी पुस्तक उलटं मोडून शिवण ताणतेय.
दोऱ्यापलीकडे थोडं काळं दिसतं.
की माझ्याच नखाची सावली.