कलम अकरा

संमतीपत्रात या वर्षी एक कलम वाढलंय.
अकरावं. बारीक टायपात.
शिवडीच्या या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
जिथून गोदीतल्या क्रेनांच्या माना दिसतात,
मी ते वाचून दाखवते रोज सकाळी सातला:
'संगणकीय प्रणालीचे साहाय्य घेतले जाईल.
चित्रीकरण जतन केले जाईल.'

आनाजी घाडीगांवकर, वय एकाहत्तर, पित्ताशयात खडे,
पेन हवेतच धरून विचारतात,
"सिस्टर, चूक झाली तर खापर कोणाच्या डोक्यावर?"
बत्तीस वर्षं क्रेन चालवली त्यांनी.
सत्त्याऐंशी साली साखळी तुटली,
पेटी एका माथाडीच्या पायावर.
"चौकशीत क्रेनला उभी नाय केली कोणी.
मी उभा होतो."

मी म्हणते, डॉक्टर असतातच हो.
बोलून बोलून गुळगुळीत झालेलं उत्तर.

खरं सांगू? मला आवडतं ते यंत्र.
मार्चमध्ये, रात्रीच्या तिसऱ्या केसला,
डॉक्टर दळवींची कात्री भलत्याच नळीवर टेकली होती.
पडद्यावर लाल उमटलं, त्या थांबल्या.
चोवीस वर्षांची पोर ती. परवा पेढे घेऊन आली.
आम्ही खाल्ले.

आनाजींचं पोट मात्र वेगळंच निघालं.
कधीकाळी टीबी होऊन गेलेला, बहुतेक चाळीत, न कळता.
आतडी चिकटलेली एकमेकांना
दमट डब्यातल्या पापडांसारखी.
आणि पडदा हिरवागार.
कापा, म्हणतोय. बिनघोर.
ज्या हजारो पोटांवर तो शिकला
ती कुठल्या गावची, कुठल्या हवेतली,
विचारायची सोय नाही.

दळवींचा हात अडला.
दुर्बीण बाहेर. "पोट उघडूया."
भूल देणाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, मी चाकू दिला.
हिरव्याखाली पित्ताची मुख्य नळी होती.

शिकाऊ निमिष नंतर हात धुताना म्हणाला,
"मॅडम, कळलं कसं?"
"कळलं नाही रे. भीती वाटली."
तो पहिल्या दिवसापासून हिरव्यावर वाढलाय.
त्याला ही भीती कोण देणार,
कोणत्या सत्रात?

मग यंत्रानं कारण विचारलं: असहमती का?
दळवींनी लिहिलं, 'भीती'.
त्यानं घेतलं नाही. 'किमान वीस अक्षरे.'
मी तेवढ्यात गॉज मोजत होते. तीस.
यंत्राचेही तीस.
पुन्हा मोजले.

पाचव्या दिवशी, पेज पिऊन झाल्यावर,
आनाजींना सगळं सांगितलं. ते चित्रीकरणही,
की आता त्यावरून ते यंत्र पुढचं शिकेल.
म्हातारा टाक्यांवर हात धरून हसला.
"म्हणजे माझा पोट आता मास्तर झाला?"
खिडकीतून गोदीकडे बघत राहिला थोडा वेळ.
"आणि पगार कोणाक गावतलो?"