तीन फूट

पाचोरा–जामनेर लाइनीच्या दोन रुळांत अंतर
अडीच फूट. एकवीस वर्षं मी तिच्यावर गार्ड होतो.
त्यात आठ बोटं मिळवा.
तेवढ्यावरून गिलेस्पीसाहेबाचा चेंडू हुकला,
तिकडे, स्कॉटलंडात, समुद्राच्या काठी,
माझा बाप जन्मायच्या आधी.

भुसावळात त्याला सगळे गिलासपी म्हणत.
पीतही असे. पण नावामुळे नव्हे.

रेल्वेनं त्याला गोल्फ शिकवायला आणला,
लोको शेडच्या मागे, काळ्या रानात नऊ गली खणून.
हिरवळ? वैशाखात, भुसावळला?
गलीभोवती तापीची वाळू अंथरायची,
वर इंजिनाचं जळकं तेल शिंपडायचं,
की वाळू उडत नाही, चेंडू सरळ जातो.
तेल शिंपडायचं काम, काठ्यांची पिशवी वाहायचं काम
माझ्या बापाकडे. श्रावण तायडे, वय तेरा,
पायात काही नाही.

बाप सांगायचा, साहेब महिन्याला एक वर्ष सांगे.
आई मासे खारवायची. दहाव्या वर्षी
तोही दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत होता.
हे ऐकून बाप थांबला म्हणे,
खांद्यावरचा पट्टा उगाच सारखा करत.
बाविसाव्या वर्षी मोठ्या स्पर्धेत तीन दिवस सगळ्यांच्या पुढे.
चौथ्या दिवशी शेवटची गल,
तीन फूट.
चेंडू काठावरून फिरला आणि तिथंच बसला,
या म्हटलं तरी आत न येणारा
उंबऱ्यावरचा पाव्हणा.
पुढच्या साली अकरावा. मग बत्तिसावा.
मग पेपरात नावच येईना.
मग लोकांच्या काठ्यांना दोरा गुंडाळायचं दुकान,
मग बोट, मग मुंबई, मग आम्ही.

संध्याकाळी साहेबलोक इन्स्टिट्यूटात गेले की
तो म्हणे, पोऱ्या, मोज.
बाप गलीपासून चार पावलं टाकी, टाचेला अंगठा लावून.
बरोबर तीन फूट.
साहेब चेंडू ठेवी. मारी. पडे.
बाप गोणपाटानं वाळू सारखी करी.
पुन्हा ठेवी. पडे.
अंधार होईपर्यंत एकही हुकत नसे.

मग तेव्हाच काय झालं, साहेब?

वारा पडला, गिलासपी म्हणाला.
जन्मभर वाऱ्यात खेळलो. हाताला त्याची सवय.
त्या घटकेला कुणी दार लावल्यासारखा वारा थांबला
आणि हात मात्र त्याच्यावर रेलला.

दोन वर्षं गेली. एका संध्याकाळी
चेंडू हुकला. मग आणखी एक.
साहेब काठीकडे बघत राहिला, मग बूट झटकत राहिला.
त्या रात्री घरी न बोलता गिलास भरला.
बाप दिव्याखाली स्वतःचे पाय बघत बसला.
पाय वाढले होते. चार पावलं म्हणजे
आता साडेतीन फूट.

दुसऱ्या दिवसापासून बापानं
बोटं आत दुमडून मोजायला सुरुवात केली.
सांगितलं नाही. साहेबानं विचारलं नाही.
चेंडू पडत राहिले, गिलासपी मरेपर्यंत,
म्हणजे अजून नऊ वर्षं.

आता तिथं मालगाड्यांचं यार्ड आहे.
शेवटी शेवटी बापाला जळगावला नेला,
डॉक्टर फालकांनी पाय हातात घेतले,
म्हणाले, बोटं अशी वळलीत, जुना संधिवात दिसतो.

मी बापाकडे पाहिलं.
बाप खिडकीबाहेर लिंबाच्या फांद्या बघत होता,
हलतात का ते.